गप्प बसणाऱ्याला लाल पट्टी

...ते 'सेवाभावी' खोड आधी. तुझ्या आत्याआजीला कुणी सेवाभावी म्हटलं की तिला शिंका येतात. माझी नणंद ती, मला नाही ठाऊक? मी बोलते तसंच लिही.

मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीच्या दारातच वन्संचं टेबल. आलेल्याला काय होतंय विचारायचं, नाडी बघायची आणि मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे लगेच आत. पिवळी म्हणजे थोडं थांबा. हिरवी म्हणजे बाकावर बसा आणि आपल्या नशिबाला बोल लावा. डॉक्टर नंतर, आधी ती पट्टी.

आता गंमत अशी, की टेबल एक आणि नर्सा तीन, पाळीपाळीने. सकाळचीला लेकरांची माया, मूल रडलं की पिवळी. दुपारची भित्री, ओरडेल त्याला लाल. आणि आमच्या वन्संचं सगळंच उलटं. म्हणायच्या, "ओरडतोय त्याचा श्वास चांगला चाललाय. गप्प बसलाय त्याला आधी बघा." पोटदुखी एक आणि रंग तीन. आमच्या गल्लीत लोक पाळी कुणाची ते विचारून आजारी पडायचे.

वन्सं टेबलावर असल्या की अख्खी खोली चिडीचूप. दारात बोट चेमटलेला माणूससुद्धा डोळे मिटून बसायचा. मेट्रनबाई भिंतीवरच्या रंगांच्या तक्त्यावर बोट ठेवून वैतागायच्या, "तिघींचा रंग एक निघाला पाहिजे." निघतोय कसला.

त्यातच तुझे आजोबा. जेवता जेवता छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, अपचन आहे. कपाळाला घाम. मी ओढतच नेलं. टेबलावर कोण, तर त्यांचीच धाकटी बहीण. मी दारातच कानात सांगितलं, "अहो, आज तरी तोंड मिटा. बोललात तर हिरवी बांधतील."

झोपेतही बोलणारा माणूस, तो काय मिटतोय. "काय गं, निळ्या शर्टावर शोभेल अशी पट्टी दे."

"काय होतंय, दादा?"

"अपचन. तुझ्या वहिनीच्या हातचं जेवलो."

घाम ह्यांनी दारातच पुसलेला, नाडीही ठीक लागली. बांधली हिरवी. भाऊ म्हणून रंग बदलायचा नाही. सख्ख्या आईलाही बाकावर बसवलं होतं बाईने. तेव्हा मी मनात काय म्हणाले ते लिहू नकोस.

बाकावर ह्यांनी शेजाऱ्याला ती बुटाची गोष्ट सुरू केली. तीच गं, एका पायात दुसऱ्याचाच बूट घालून मला बघायला आले होते ती. अर्ध्यात शेजारी म्हणाला, "माझंही एकदा असंच झालं," आणि सांगत सुटला. आणि हे ऐकत राहिले.

टेबलावरची मान वर झाली. वन्सं उठल्या, कात्रीने हिरवी कापली, लाल बांधली आणि चाकाच्या खुर्चीसाठी ओरडल्या. वन्सं ओरडल्या, म्हणजे बघ. झटकाच होता तो हृदयाचा. वाचले. ती बुटाची गोष्ट मग मी आणखी कितीतरी वर्षं ऐकली.

मेट्रनबाईंनी विचारलं, "एका माणसाला दोन रंग? कशावरून?"

"दादा गोष्टीत कुणाला मध्ये बोलू देत नाही. आज दिलं."

"हे तक्त्यात कुठे आहे?"

"नाहीये."

घरी आल्यावर मात्र वन्सं पानावरून तशाच उठल्या. "वहिनी, माझा भाऊ म्हणून कळलं. दुसऱ्या कुणाचा असता तर बाकावरच संपला असता."

तेव्हापासून सोबत आलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न, "हे रोज असेच असतात का?" हळूहळू बाकीच्या दोघीही विचारायला लागल्या. मेट्रनबाईंनी तो तक्त्यात घातला आणि म्हणाल्या, बघा, माझ्या शिस्तीने तिघी एक झाल्या. रंग तीन निघायचे ते निघायचेच कधीकधी, पण निदान प्रश्न तरी एक झाला.

आता रिटायर झाल्यात तर इकडे फिरकत नाहीत. माझा गुडघा दुखतोय म्हणून कळवलं, तर उलट निरोप, हिरवी. तू आता हा कागद घेऊन त्यांच्याकडे जा. कागद नंतर दे, आधी एवढंच सांग, वहिनी सकाळपासून एक अक्षर बोललेली नाही. चपला न घालता येतील.