बाबांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

बाबांच्या कॉम्प्युटरवर नवीन सिस्टिम टाकायचं मी माझं मीच ठरवलं. दर रविवारी मी ठाण्याहून डोंबिवलीला आईबाबांकडे जाते, आणि गेले की त्या घरात काहीतरी सुधारल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई म्हणते, तू आलीस की मला पाहुण्यासारखं बसावं लागतं.

त्या रविवारी स्क्रीनवर सूचना आली होती. ही सिस्टिम जुनी झाली, आता हिला सुरक्षा मिळणार नाही, नवीन व्हर्जन घ्या. आई याच कॉम्प्युटरवर विजेचं बिल भरते आणि परदेशातल्या माझ्या भावाशी बोलते. म्हटलं, करून टाकू, त्यात काय.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. हो म्हणायचं असलं की मान हलवतात, नको असलं की डावा हात वर करतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर ड्रॉइंगं काढली, आणि स्वतःचं खोडरबरसुद्धा कधी कुणाला वापरू दिलं नाही. मी कॉम्प्युटरपुढे बसले तेव्हा त्यांचा डावा हात वर गेला होता. तो मी पाहिला, ‘काही होत नाही हो बाबा’ म्हटलं आणि बटण दाबलं. याची मला अजून लाज वाटते.

आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावं, एवढंही मला सुचलं नाही. आणि त्या डब्यात काय होतं? आमचे सगळे फोटो. आम्ही तळमजल्यावर राहायचो तेव्हा एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं आणि कपाटातले अल्बम भिजले. बाबांनी एकेक फोटो पानावरून सोडवला, पंख्याखाली वाळवला आणि स्कॅन करून ठेवला. मूळ फोटोंना बुरशी लागली, ते टाकून द्यावे लागले. आईबाबांचं लग्न, आजी, आमची बारशी, जे काही उरलं होतं ते एवढ्या एका ठिकाणी.

दोन तास टक्के मोजत गेले. मधे जेवणं झाली. मग स्क्रीनवर बाबांचं नाव आलं आणि त्याखाली एक रिकामी चौकट, पासवर्ड टाका म्हणून. आजवर हा कॉम्प्युटर थेट उघडायचा. आईला काही टाइप करावं लागू नये म्हणून बाबांनीच तशी सोय केली होती. नवीन व्हर्जननं ती सोय मोडून टाकली होती.

‘बाबा, पासवर्ड काय ठेवलाय?’ मी विचारलं आणि लगेच जीभ चावली. मग कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि डावा हात वर केला. नको. मला वाटलं, त्यांना आठवत नाहीये. समजतं सगळं, हा एवढाच आधार आम्हाला होता, तोही गेला की काय या विचारानं मी घाबरले.

पहिल्यांदा मी माझं नाव टाकून पाहिलं, अगदी खात्रीनं. चुकीचं निघालं. मग जराशा नाराजीनंच भावाचं टाकलं, तेही चुकीचं, तेवढंच समाधान. आजीचं नाव, गावाचं नाव, जुन्या स्कूटरचा नंबर, आईचं नाव. काहीच चालेना. मानपाडा रोडवरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मॅडम, मशीन घेऊन या, ट्राय मारतो. पण डेटाची गॅरंटी नाय हां.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ‘आई, फोटो गेले बहुतेक,’ मी म्हटलं, आणि पन्नाशीला आलेली मी रडायच्या बेतात होते.

आई मेथी निवडत होती. तिनं हात पुसले, बाबांजवळ गेली आणि वाकून हळूच विचारलं, ‘तेच का?’

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवली. तोंडाची जी एक बाजू हलते तिनं ते हसले.

‘तू आत जा, चहा टाक,’ आई मला म्हणाली.

‘अगं, तुला नाही जमणार, मी—’

‘चहा टाक म्हटलं ना.’

कप घेऊन बाहेर आले तर कॉम्प्युटर उघडला होता. फोटो सगळे जागच्या जागी होते. चहा तसाच ठेवून मी आधी ते पेनड्राइव्हवर उतरवले. मग विचारलं, ‘काय होता गं पासवर्ड?’

‘माझं माहेरचं नाव.’

लग्नात तांदळाच्या ताटात बाबांनी अंगठीनं जे नाव लिहिलं, तेच मला ठाऊक. मामा-मावश्या तिला ताईच म्हणतात. ‘मग बदललं कशाला?’

‘तुझ्या आजीची एक मुलगी लहानपणीच गेली होती. तिचं नाव तेच. घरात ती हाक सासूबाईंना सोसली नसती. मी तरी काय म्हणणार?’ आई पुन्हा मेथीकडे वळली. ‘पण तुम्ही शाळेत गेलात आणि सासूबाई देवळात गेल्या, की हे मला त्या नावानं हाक मारायचे. पुढे सासूबाई गेल्या, तुम्ही आपापल्या घरी गेलात, तरी हळूच मारायचे. सवय.’ एक जुडी संपवून ती म्हणाली, ‘आता आठ महिने झाले, कुणी मारली नाही.’

हे तिनं मेथीत माती फार आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं. आठ महिने मी बाबांच्या गोळ्या, व्यायाम, खुर्ची, डॉक्टर यांच्यामागे धावत होते. त्या झटक्यात आईचंही काही गेलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

भरपाई म्हणून मी म्हटलं, ‘पहिल्यासारखी सोय करून देते. पासवर्ड न टाकता थेट उघडेल.’

बाबांचा डावा हात वर गेला. या वेळी मी तो पाहिला आणि थांबले. ‘असू दे तसंच,’ आई म्हणाली.

पुढच्या रविवारी मी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत आले, तर दोघांचंही लक्ष नव्हतं. कीबोर्ड बाबांच्या मांडीवर होता आणि डाव्या हाताचं एक बोट अक्षरं शोधत होतं. आई चष्मा लावून शेजारी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर ठेवून. मदत करत नव्हती. एक अक्षर चुकलं, त्यांनी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. स्क्रीनवर नुसते काळे ठिपके उमटत होते. मी दारातच उभी राहिले. बाबांनी शेवटचं बटण दाबलं आणि आईकडे पाहिलं.

आईनं हळूच ओ दिली.