अनाथ जोडांचे भावोजी

फुकट मिळालेल्या वस्तूची इतकी काळजी घेणारा माणूस ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर घरच्यांनी त्याला वेळीच आवरलं असेल. हा माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ, म्हणजे नात्याने माझे भावोजी. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत नोकरी, कल्याणला दोन खोल्यांचा ब्लॉक, एक बायको, एक मुलगी, थोडी गुडघेदुखी. इथवर सगळं चारचौघांसारखं. पण नव्वदच्या आसपास त्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी परदेशातून आणलेल्या डबीभर फ्लॉप्या आल्या. त्यांत एक प्रणाली होती. कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी ती लिहून जगाला फुकट देऊन टाकली होती आणि वर आतलं लिखाणही उघडं ठेवलं होतं: बघा, बदला, वाटा. पण ती होती नुसता सांगाडा. माहिती भरायची, शोधायची आणि छापायची, एवढंच तिला येई. दवाखाना, वाचनालय, हाउसिंग सोसायटी, ज्याला जे हवं त्याने ते स्वतः लिहून तिला जोडायचं. भावोजींनी त्या सांगाड्याला नाव दिलं चौकट, आणि लोकांनी लिहिलेल्या तुकड्यांना नाव दिलं जोड. मग त्यांच्या मनात आलं की हे जोड कुणीतरी गोळा करून, तपासून, नीट लावून ठेवायला हवेत. कुणीतरी म्हणजे कोण, हा प्रश्न आमच्या घराण्यात नेहमी ज्याला त्यातून काही मिळणार नसतं त्याच्याकडेच जातो.

जोड वाढत गेले तशा फ्लॉप्या वाढल्या आणि माझ्या जाऊबाईंचं घर आक्रसत गेलं. पहिल्यांदा फराळाचे डबे गेले. मग एका पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी आली, तेव्हा भावोजींनी जाऊबाईंचा लग्नातला शालू कपाटातून काढून ट्रंकेत टाकला आणि त्याच्या जागी, त्याच्याच कापरात आणि कडुनिंबाच्या पाल्यात, फ्लॉप्या निजवल्या. "शालू वर्षातून एकदा लागतो, हे रोज लागतं," हे त्यांचं स्पष्टीकरण. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. पोरीच्या लग्नात मी फ्लॉप्याच नेसेन." भावोजींना यातला टोमणा कळला नाही. त्यांनी फ्लॉप्या उन्हात नेऊ नयेत एवढंच सांगितलं.

दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे जोडवाल्यांची सभा भरे. बँकेतले कारकून, पॉलिटेक्निकचे मास्तर, कारखान्यातले सुपरवायझर, असे सगळे आपापली फ्लॉपी खिशात घालून येत. बाहेरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर खास व्हायरस तपासायला ठेवला होता. आलेली फ्लॉपी आधी त्यात जायची. तिचं सुतक फिटलं की मगच ती आतल्या खोलीत. आत भावोजी प्रत्येक ओळ वाचत आणि वाचताना "हं" म्हणत. या "हं"चा अर्थ भल्याभल्यांना लागत नसे. जोड स्वीकारला तर नुसता चहा मिळे. नाकारला तर माणसाला वाईट वाटू नये म्हणून चहाबरोबर पोहे. जाऊबाईंच्या हाताला चव आहे, त्यामुळे पुढे पुढे काही लोक मुद्दाम गचाळ जोड लिहून आणू लागले. डोंबिवलीचे एक मास्तर तर वर्षभर एकच जोड रंग बदलून आणत होते. भावोजी तो प्रत्येक वेळी नव्याने वाचून काढत आणि प्रत्येक वेळी चार नव्या चुका दाखवत. मास्तर पोहे खात खात मान डोलावत.

नावांच्या बाबतीत ते बारशाच्या आत्याहून कडक होते. सुपर, गोल्ड, महाशक्ती असली नावं दारातूनच परत. मुलाबाळांची नावंही चालत नसत. एकाने लग्नपत्रिका जुळवायच्या जोडाला आपल्या बायकोचं नाव दिलं, तेव्हा भावोजींनी विचारलं, "आणि यांच्यात बिघाड झाला तर आम्ही काय म्हणायचं?" त्याने नाव बदललं. नाकारलं जाण्याचा मानाचा तुरा मलाही मिळालेला आहे. माझं डोंबिवलीला टायपिंगचं दुकान होतं, आणि टाइपरायटर म्हातारे झाल्यावर मी कॉम्प्युटर घेऊन सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं छापू लागले होते. त्यासाठी रात्रीचा दिवस न करता, दुपारच्या रिकाम्या वेळात, मी एक जोड लिहिला. चांगला चालत होता. मी तो घेऊन कल्याणला गेले. भावोजींनी तो चौकटीत घातला, चालवला, "हं" म्हणाले, आणि मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "वहिनी, घालता सगळ्यांना येतं. आता काढून दाखवा."

"काढायचा कशाला? चालतोय ना?"

"पाहुणा गेल्यावर घर जसं होतं तसं दिसलं पाहिजे. नाहीतर तो पाहुणा नव्हे, भाडेकरू."

मी काढून दाखवला. माझ्या जोडाने जाता जाता वाचनालयाच्या जोडाचं अर्धं पान नेलं. मला पोहे मिळाले, आणि नात्यातली म्हणून वर ओलं खोबरं जास्त.

पण या सगळ्यावर त्यांचा एक नियम होता, पालकाचा. प्रत्येक जोडाला एक पालक असलाच पाहिजे. जोड बिघडला तर तो पालकाने दुरुस्त करायचा, दुसऱ्या कुणीही त्याला हात लावायचा नाही. पालक अमेरिकेला निघाला, आणि त्या काळात ज्याला जरा बरं लिहिता येई तो निघतच असे, तर त्याने जाण्याआधी चारचौघांसमक्ष जोड दुसऱ्याला दत्तक द्यायचा. दत्तक घेणारा मात्र असा हवा की ज्याचा स्वतःचा एक तरी जोड मंजूर झालेला आहे. पहिल्या दत्तकविधानाला जाऊबाईंनी हौसेने फ्लॉपीला हळदकुंकू लावलं. ते ड्राइव्हमध्ये गेलं आणि ड्राइव्ह कायमचा सौभाग्यवती होऊन बसला. तेव्हापासून नुसता नारळ. आणि जे पालक नारळ न देताच विमानात बसत, त्यांचे जोड अनाथ म्हणून भावोजी स्वतःकडे घेत. असे अनाथ त्यांच्याकडे ढिगाने जमले होते. मी म्हणायची, "भावोजी, अनुदानासाठी अर्ज करा." ते म्हणायचे, "आधी यांचं बघू."

अशांतलाच एक जोड होता खडवलीच्या पुढच्या एका धर्मादाय दवाखान्याचा. तिथे क्षयाच्या पेशंटांना गोळ्या मिळत. या गोळ्या महिनोन् महिने न चुकता घ्याव्या लागतात, आणि माणसाला जरा बरं वाटलं की तो यायचा बंद होतो. कोण आलं नाही ते हा जोड रोज छापून देई आणि तिथल्या सिस्टर तो कागद घेऊन सायकलवरून वाड्यावाड्यांत फिरत. ज्याने तो लिहिला तो कधीच न्यू जर्सीला पोचला होता आणि पत्रांना उत्तर देत नव्हता. मग एके दिवशी दवाखान्याचा कॉम्प्युटर मेला. कुणीतरी नवा दिला, पण त्याच्यावर चौकटीची नवीच आवृत्ती चाले, आणि नव्या आवृत्तीत जुना जोड बसेना. तो जवळजवळ पहिल्यापासून लिहायला हवा होता. पालक होते भावोजी. ते लिहायला बसले. नाक पडद्याला टेकवून बसले आहेत हे जाऊबाईंच्या लक्षात आलं, आणि नवऱ्यावर आपल्या बोलण्याचा परिणाम होत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत असल्यामुळे त्यांनी मला बोलावून घेतलं.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टरांनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं की गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली ठेवायची असेल तर याच आठवड्यात ऑपरेशन. परत येताना रिक्षात भावोजी म्हणाले, "आधी दवाखान्याचा जोड बसू दे."

"दुसऱ्या कुणाला द्या."

"पालक मी आहे."

"मग दत्तक द्या. नारळ मी आणते."

"कुणाला देऊ? हे काम झेपेल असा मोकळा माणूस एकच, मोरेश्वर. आणि त्याचा स्वतःचा जोड अजून मंजूर नाही. नियमात बसत नाही."

"नियम केला कुणी?"

"मीच."

"मग मोडा."

"मी मोडला तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू?"

रिक्षावाल्याने मागे वळून भावोजींकडे एकदा बघून घेतलं. मला बरं वाटलं. निदान एक साक्षीदार मिळाला.

हा मोरेश्वर कळव्याचा, कोळ्यांचा मुलगा. स्वतः बँकेत होता, पण वडील आणि काका अजून खाडीत होडी घालत. त्याने तिथीवरून भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा जोड लिहिला होता. भावोजींनी तो एकाच कारणाने अडवून ठेवला होता. खाडीचं पाणी कळव्याला चढतं त्यानंतर बऱ्याच वेळाने कल्याणला चढतं, आणि जोड गाव विचारतच नव्हता. यावर मोरेश्वरचं उत्तर ठरलेलं असे: "काका, पानी टायमावर येतं. कल्यानला उशीर होतो तो कल्यानचा दोष." दोघेही हटत नव्हते आणि मोरेश्वर दर रविवारी पोहे खात होता. म्हणजे हिशेब असा झाला: भरती कल्याणला पोचल्याशिवाय मोरेश्वर मंजूर नाही, मोरेश्वर मंजूर झाल्याशिवाय दत्तक नाही, आणि दत्तक झाल्याशिवाय डोळा नाही. शहाण्या माणसांची घरं अशी चालतात.

मी मोरेश्वरला बँकेत फोन केला.

"काकी, मी नाय बदलनार," तो म्हणाला. "त्यांचा हट्ट, मग माजा पन हट्ट."

"त्यांचा डोळा जाईल, मोरेश्वर."

मग तो म्हणाला, "हे आदी नाय का सांगायचं?"

त्याचे मामा कल्याणच्या खाडीवरचे. संध्याकाळी तो त्यांच्याकडे जाऊन बसला, आणि दोन दिवसांनी फ्लॉपी घेऊन दारात उभा. "काका, भरती कल्यानला पोचवली. आता डोले दाखवायला चला." दुसऱ्या कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली असती. भावोजींनी जोड वाचला, "हं" म्हणाले आणि पायात चपला घातल्या. जोडाने सांगितलेली वेळ खरी की खोटी ते पाहायला हवं ना. आम्ही तिघे दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीच्या घाटावर जाऊन उभे राहिलो. एकीकडे डॉक्टर ऑपरेशनची वेळ धरून बसलेले आणि आम्ही पाण्याची वाट बघतोय. गाळाचा वास, वर घारी. भावोजींच्या हातात घड्याळ, तेही नाकाशी धरलेलं. सांगितलेली वेळ झाली तेव्हा त्यांनी घड्याळ मोरेश्वरच्या हातात दिलं आणि मला हळूच विचारलं, "वहिनी, पाणी वरच्या पायरीला लागलं का?"

पायरी आमच्यापासून चार हातांवर होती. त्यांना ती दिसत नाही हे मला तेव्हा कळलं.

"लागलं," मी म्हणाले. लागलं होतंच. पण लागलं नसतं तरी मी तेच सांगितलं असतं.

मोरेश्वर मंजूर झाला. त्याला बिनपोह्यांचा चहा मिळाला आणि तो त्याने अमृत असल्यासारखा प्यायला. नारळ मी आधीच पिशवीत आणला होता, त्यामुळे दवाखान्याचा जोड तिथल्या तिथे दत्तक गेला आणि भावोजी माझ्याबरोबर ऑपरेशनला आले. मोरेश्वरने रजा टाकली आणि खडवलीला ठाण मांडून जोड बसवला. सिस्टरांची सायकल पुन्हा सुरू झाली. भावोजींचा उजवा डोळा मात्र गेला. डाव्याला माणूस आहे की दार आहे एवढं कळतं. आधी आला असतात तर जास्त वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. भावोजींनी विचारलं, "छापील कागद निघतोय ना?" मी म्हटलं, निघतोय. त्यानंतर त्यांनी डोळ्याविषयी पुन्हा काही विचारलं नाही. मी चिडले होते, पण ज्याच्यावर चिडायचं त्याला माझं तोंडच दिसत नव्हतं.

दुसऱ्या रविवारी सभा भरली ती माझ्या आवाजावर. जोड मी मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी ऐकायचा. कंस उघडला, कंस मिटला, टिंब, टिंब, पुढची ओळ. रामरक्षा म्हणायचा मला कंटाळा, आणि हे मी तासन्‌तास वाचत होते. भावोजी डोळे मिटून बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "थांबा. वर उघडलेला कंस कुठे मिटला?" तो मिटलेला नसेच. जोडवाला मुकाट्याने पोह्यांची बशी पुढे ओढायचा.

आता इंटरनेट आलं आहे. ज्याला जे हवं ते तो परस्पर तिथून उतरवून घेतो. त्याचा पालक कोण, हे विचारायला कुणी थांबत नाही. मोरेश्वरची बदली नाशिकला झाली. तो फोन करतो. डोंबिवलीचे मास्तर रिटायर होऊन मुलाकडे गेले. रविवारी बाहेरच्या खोलीत चपला नसतात. मी मात्र जाते, कारण कल्याणला माझी इतर कामंही असतात. गेले काही महिने नवीन जोड एकही आलेला नाही. भावोजी खुर्चीत सरळ बसून विचारतात, "काय आलंय?" आणि मी कपाटातली हाताला येईल ती फ्लॉपी काढते, घालते आणि वाचायला लागते.

परवा असंच वाचत होते. वाचनालयाचा जोड होता, फार जुना. दहावीस ओळी झाल्या असतील. जाऊबाई आत फोडणी घालत होत्या. भावोजी म्हणाले, "वहिनी, हा आपण घेतलेला आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

सरळ बसलेले भावोजी खुर्चीत मागे रेलले.

"चांगला लिहिलाय," ते म्हणाले. "वाचा पुढे."