टाकोवाल्याला मिळालेली वाहवा

लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या आमच्या घरापासून सात मिनिटांवर एका पबचं कार पार्क आहे. तिथे शनिवारी दुपारी टाकोची गाडी लागते. घोडे न्यायच्या जुन्या गाडीलाच खिडकी पाडून केलेली. गाडीवाला चाळिशीचा, आई कोरियन, बायको मेक्सिकन. मक्याच्या तळहाताएवढ्या पोळीत तो कोरियन पद्धतीच्या आंबवलेल्या लाल मिरचीत मुरवलेली कोंबडी घालतो. वर किमची, म्हणजे आंबवलेला तिखट कोबी, मूठभर कोथिंबीर आणि लिंबाची फोड. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या बायकोने पहिल्या घासाला डोळे मिटले आणि म्हणाली, "वा!" मग खिडकीत वाकून त्याला म्हणाली, "धिस इज द बेस्ट थिंग आय हॅव ईटन ऑल इयर!"

ऑल इयर! त्या वर्षातलं जवळजवळ प्रत्येक जेवण मी केलेलं होतं. ती रोज ट्रेनने लंडनला ऑफिसला जाते, मी घरून काम करतो, त्यामुळे स्वयंपाकघर कित्येक वर्षं माझ्याच ताब्यात आहे. आणि मी काही पोट भरण्यापुरतं उकडून ठेवणारा माणूस नाही. आमटीला फोडणी द्यायला मी मीटिंगमध्ये म्यूटवर जातो. एवढं करून माझ्या पदरात काय? "मोहरी जरा करपली का रे?" सगळं जमून आलं तर ती गप्प राहते आणि दुसऱ्यांदा वाढून घेते. ते मी कौतुक समजून घ्यायचं.

गाडीवाल्याने छातीवर हात ठेवून तिचे आभार मानले आणि तिच्या टाकोवर आणखी किमची घातली. मला कसं लागलं हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर फार सुंदर लागलं होतं, म्हणून तर जास्त राग आला.

मग दर शनिवार तिकडेच. ऑफिसातल्या मैत्रिणींना ती त्याचं नाव सुचवायची, आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकायची. माझ्या भरल्या वांग्याचा फोटो कधी कुणी काढला नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी रोज ओट्यापाशी उभा राहून अनुभवत होतो. बायकोचं मन त्याच्यावर जाईल अशी भीती मला कधी वाटली नाही. माझं दुखणं आचाऱ्याचं होतं. तो पोळी उलटायचा तेव्हा ती फाटावी, निदान एका बाजूने करपावी, असं मला लिंबू पिळता पिळता मनापासून वाटायचं. ती कधी फाटली नाही.

शेवटी मी ईर्ष्येला पेटलो. हाउन्सलोच्या देशी दुकानात जाऊन ज्वारीचं पीठ आणलं, छोट्या छोट्या भाकऱ्या थापल्या, कोंबडी रात्रभर मुरवली, कोबी मीठ-मिरची लावून चार दिवस बरणीत ठेवला. शुक्रवारी ती घरी आली आणि मी ताट पुढे केलं. तिने चार भाकऱ्या खाल्ल्या. मी समोर बसून तिचे डोळे मिटतात का ते बघत होतो. पाचवी उचलताना ती म्हणाली, "कोबी अजून दोन दिवस ठेवायला हवा होता."

माझा तोल सुटला. "त्याला वा आणि मला कोबी?"

ती खरोखर गोंधळली. "काहून चिडतोस? तो परका माणूस आहे. परक्याला चांगलंच बोलावं लागतं."

"आणि मला?"

"तू घरचा आहेस ना! आमच्या नागपूरच्या घरी बाबांनी आईच्या जेवणाला कधी चांगलं म्हटलं नाही. चांगलं म्हणायचं ते पाहुण्यांनी. घरच्यांनी काय कमी आहे ते सांगायचं, म्हणजे उद्याचं सुधारतं. आपल्या माणसाला कोणी शाबासकी देतं का?"

रीत विचित्रच होती, पण मला ती एकदम पटली. कारण उघड आहे, त्या रीतीत मी जिंकत होतो. पुढचे काही शनिवार मी अगदी मजेत काढले. ती वा म्हणाली की मला त्या बिचाऱ्याची दया यायची. मी तर एकदा त्याच्या टिपच्या डब्यात थोडी जास्त नाणीही टाकली.

परवाच्या शनिवारी तिने पहिला घास घेतला आणि चावायची थांबली. मी म्हटलं, आता येईल वा. ती खिडकीत वाकली. "युवर किमची इज टू यंग टुडे. अँड द चिकन इज अ बिट ड्राय." म्हणजे कोबी पुरता आंबला नव्हता आणि कोंबडीही कोरडी होती.

तो हसला. त्याने मागून एक बरणी काढली, चमच्याने तिच्या तळहातावर किमची ठेवली आणि ती काय म्हणते याची वाट बघत उभा राहिला. तिने डोळे मिटले नाहीत. मान तिरकी करून ती विचार करत होती. ती मान मला ओळखीची होती. इतकी वर्षं ती फक्त आमच्या टेबलावर तिरकी व्हायची.

"आलं कमी आहे," ती म्हणाली. त्याने मान डोलावली आणि पेन्सिलीने झाकणावर काहीतरी लिहिलं.

परतताना मी तिच्या दोन पावलं पुढे चालत होतो. "काय झालं?" तिने विचारलं.

"त्याला कशाला सांगितलंस? वा म्हणून निघून यायचं."

"अरे, बिघडलं होतं त्याचं! एवढ्या वेळा खाल्लं, आता तो काय परका राहिला?" मग ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. "त्याला वा म्हटलं तरी तू फुगतोस, चूक काढली तरी फुगतोस. तुला नेमकं हवंय तरी काय?"

काय हवंय ते मला स्वच्छ माहीत होतं. तिच्या जिभेवरची गोडी आणि तिने काढलेली खोट, दोन्ही मला हव्या होत्या, आणि दुसऱ्या कुणाला त्यातला कण मिळायला नको होता. पण पन्नाशीच्या माणसाने भर फुटपाथवर बायकोला हे सांगायचं कसं? मी म्हणालो, "काही नाही, कोंबडी कोरडीच होती," आणि ती म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"