धोंडाबाईला नसलेला अधिकार

राखीचं काम नेमकं काय, हे माहेरी नांदगावला कुणालाच धड सांगता येत नसे. वडील पुंजाराम शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांना म्हणत, "पोरगी नाशकात कंप्युटर तपासते." मग एखादा आपला बिघडलेला मोबाइल पुढे करी.

खरं तर अधिकार नसलेल्या माणसाचं सोंग घेणं हे तिचं काम होतं. इंदिरानगरमधली आठ जणांची कंपनी. तिथे तयार झालेली प्रणाली लोकांच्या हाती जाण्याआधी राखी तिच्यात निरनिराळ्या नावांनी शिरायची. कुणाला फक्त पाहायची मुभा, कुणाला लिहायची, कुणाला पुसायची. ज्याला ज्याची मुभा नाही तेच ती त्याच्या नावाने करून बघायची, आणि पडद्यावर 'परवानगी नाही' असं उमटलं की तिला बरं वाटायचं. नकार मिळाला की काम फत्ते, असा उफराटा धंदा.

कंपनीत एक रीत पडली होती. चाचणीसाठी खोटी माणसं उभी करायची, तर त्यांना आपल्या घरच्यांची नावं द्यायची. मालक प्रफुल्लसरांचा मुलगा सार्थक त्या प्रणालीत सगळं काही पुसू शकायचा. राखीने सगळ्यात कमी अधिकारांच्या खात्याला सासूबाईंचं नाव दिलं, धोंडाबाई. बघायचं, हात लावायचा नाही.

घरी हे कळलं तेव्हा सासूबाईंची भाकरी थापायची लय मोडली नाही. "म्हंजे तिथं बी मी नुसतं बघतच बसायचं? मग पगार तरी माझ्या नावानं येऊ दे."

राखी खूप हसली. घरात भाजीत मीठ किती, इथपासून सारे अधिकार त्यांचेच होते.

दिंडोरीकडचं गुलाबाचं एक शीतगृह हे कंपनीचं जुनं गिऱ्हाईक. पहाटे तोडलेल्या कळ्या तिथे तीन अंशांवर ठेवायच्या आणि मिटलेल्या असतानाच परदेशी धाडायच्या. उमललेलं फूल तिथे कुणी घेत नाही. खोली किती थंड ठेवायची आणि ते केव्हा बदललं, हे सगळं राखीच्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये जमा व्हायचं; तिथला आकडा बदलला की शीतगृहातलं यंत्र त्याप्रमाणे चालायचं.

जुलैत दुबईच्या एका व्यापाऱ्याने आपल्या घड्याळाप्रमाणे अहवाल मागितला, आणि ते तपासायचं काम राखीकडे आलं. डेटाबेस वेळ साठवतो ती जागतिक घड्याळाची. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे, दुबईचं चार तास. दाखवताना तेवढी भर घालायची, इतकंच. राखीने भर दुपारी बारा वाजता सरावाच्या प्रतीत, म्हणजे खऱ्या डेटाबेसच्या चाचणीपुरत्या नकलेत, एक नोंद केली आणि अहवाल काढले. दुबईचा बरोबर आला. भारताचा पडद्यावर बरोबर आला. छापील प्रतीत मात्र तीच नोंद सकाळी साडेसहाची निघाली.

"सर, छापताना वेळ बदलायचीच राहिलीय. कागदावर सगळं साडेपाच तास मागे."

"काय सांगतेस! वर्षभर कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"हल्ली छापतं कोण, सर? सगळे मोबाइलवर बघतात."

प्रफुल्लसर हसले. मग हसता हसताच थांबले. "एकदा छापला होता," ते म्हणाले. "फेब्रुवारीत. मीच पाठवला होता."

फेब्रुवारीतली ती गोष्ट कंपनीत सगळ्यांना ठाऊक होती. एका संध्याकाळी माल भरायला शीतगृहाचं दार उघडलं, तर आतली एकूण एक कळी उमललेली. रांगांच्या रांगा, लालभडक, पूर्ण फुललेल्या. पाहणाऱ्यांनी सांगितलं, इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं आणि रडूही आवरत नव्हतं. कुणीतरी तापमान तीनावरून एकतीस केलं होतं. ठरवलेलं तापमानच एकतीस, मग धोक्याची घंटा वाजायचं कारणच नव्हतं. शीतगृहाच्या मालकाने छापील अहवाल मागवला. त्यात वेळ होती रात्री दोनची. नोंदीपुढे नाव त्या वेळच्या पाळीवरून आपोआप पडायचं. ते पडलं केरू भोयेचं, सुरगाण्याकडच्या रात्रपाळीवाल्याचं. तो म्हणत राहिला, मी तीनावर ठेवून घरी गेलो. मालक म्हणाला, कंप्युटरला तुझ्याशी काय वैर आहे का? केरूला त्याच दिवशी काढलं.

"रात्रीचे दोन," राखी हळूच म्हणाली, "म्हणजे सकाळचे साडेसात."

तिने साडेपाच तासांची भर घालून अहवाल पुन्हा काढला. वेळ दुरुस्त झाली आणि केरूच्या जागी दिवसपाळीच्या शेखरचं नाव आलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण पाळीवरून पडणारं नाव म्हणजे नुसता अंदाज. हुकूम नेमका कुठल्या खात्यातून सुटला, हे डेटाबेस एका वेगळ्या रकान्यात ठेवतो. तो रकाना अहवालात कधी येतच नाही, आणि तो पाहायची सवय राखीशिवाय कुणाला नव्हती.

तिने तो उघडला. तिथे लिहिलं होतं, धोंडाबाई.

खोलीतला पंखा फिरत होता. राखीला त्याचा आवाज ऐकू येईना. तिला फेब्रुवारीतली ती सकाळ आठवली. घरूनच, चहा घेता घेता, धोंडाबाईच्या नावाने तिने तापमान बदलून पाहिलं होतं. एकतीस हा आकडा तिनेच निवडला होता, चटकन नजरेत भरावा म्हणून. नकार आला नव्हता. केवढ्या आनंदाने ती ऑफिसात येऊन ओरडली होती, "धोंडाबाईंनी तापमान बदललं! अधिकार चुकलेत, सर!" सगळे टेबलं बडवून हसले होते. सरांनी दुपारी अधिकार दुरुस्त केले. बदललेलं परत जागेवर ठेवायचं कुणाला सुचलं नाही. सरावाची प्रत तर रोज पुसलीच जायची. आणि शीतगृहाच्या कागदावर रात्रीचे दोन होते, म्हणून हा एकतीस आणि तो एकतीस एकच असेल, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"ती सरावाची प्रत नव्हती," प्रफुल्लसर म्हणाले. "नवी प्रत तयार होत होती. दोन दिवसांपुरता मी सरावाच्या प्रतीचा पत्ता खऱ्या डेटाबेसला जोडला होता. तुला सांगायचं राहिलं."

राखीने पडद्यावरचं ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

"असं करू," सर शेवटी म्हणाले. "वेळेची चूक झाली, एवढंच कळवू. केरू सुटेल."

"आणि शेखर अडकेल, सर."

"राखी, पुढचं सांगितलं तर ही कंपनी राहील का? तुझी नोकरी राहील का?"

"ते मला नाही माहीत. पण तो हात माझा होता. मी दुसऱ्याचा कसा म्हणू?"

प्रफुल्लसरांनी डोळे मिटून घेतले. मग फोन उचलला आणि तिच्यासमोरच शीतगृहाच्या मालकाला सगळं सांगितलं, पत्त्यासकट, धोंडाबाईसकट. पलीकडचा आरडाओरडा राखीला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. अखेरीस आवाज खाली आला. केरूला परत बोलवा, म्हणाला. तुमचं काय करायचं ते मी बघतो.

केरूचा फोन लागत नव्हता. रविवारी राखी एसटीने सुरगाण्याला गेली आणि तिथून खचाखच भरलेल्या जीपमधून त्याच्या पाड्यावर. आवणीचे, भातरोपं लावायचे दिवस होते. केरू शेतातून आला तो कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. ओसरीवर त्याची बायको चिमणाबाई बसली होती, शेजारी गोधडीवर लहान मुलगी झोपलेली.

वाटेत राखीने माफीची वाक्यं मनात जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. तिने सरळ सांगून टाकलं. घड्याळ कसं चुकलं ते, आणि तापमान मी बदललं तेही.

ती शिव्यांची वाट पाहत होती. केरू पायरीवर टेकला.

"म्हंजे मी नव्हतो?"

"नाही. तुम्ही नव्हता. मी होते."

"बाई, नक्की?" त्याने वळून पुन्हा विचारलं. "मंग झोपंत बी नव्हतो?"

राखीला कळेना. तिने चिमणाबाईकडे पाहिलं.

"कंप्युटरात नाव आलं म्हंजे केलंच आसंल, आसं घेऊन बसला ना," चिमणाबाई म्हणाली. "पयले म्हनं, मी नाय केलं. मंग म्हनं, डोळा लागला आसंल, झोपंत माझेच हात गेले आसतील. तवापासून हा मानूस हात खाटंला बांधून निजतो. पोरीला जवळ घेत नाय. म्हनं, झोपंत काय करीन त्याचा नेम नाय."

नोकरी परत मिळणार आहे, हे सांगायला राखी आली होती. ते सांगायचं राहूनच गेलं.

चिमणाबाईने झोपलेल्या मुलीला गोधडीसकट उचललं आणि केरूच्या मांडीवर ठेवलं. मुलगी कुशीवर वळली. केरूने चिखलाचे दोन्ही हात वर, हवेतच धरले होते. ते खाली आणायला तो अजून धजत नव्हता.