यात स्फोटक नाही

सेनेच्या पाठीशी सगळा देश उभा आहे, असं आपण नेहमी म्हणतो. पण देश नुसतं म्हणतो. प्रत्यक्षात उभे राहतात ते एकटे आमचे मामेसासरे. पुलगावच्या आपल्या घरात, खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवून, मोबाइल कानाला लावून, दर रविवारी वीस-पंचवीस मिनिटं, ताठ. पलीकडे त्यांची एकुलती एक मुलगी असते. ती सैन्यातल्या इस्पितळात परिचारिका आहे, हुद्द्यानं कॅप्टन आहे, आणि वर्षभरापासून शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात आहे. मामाजींच्या मते त्या देशात शांती सोडून बाकी सगळं आहे. मामाजींनी स्वतः जन्मभर पुलगावच्या डेपोत, म्हणजे दारूगोळ्याच्या भांडारात, सुतारकाम केलं. लाकडी पेट्या ठोकल्या. सुतारानं साहेबासमोर बसायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण ते विसरलेही नाहीत. मुलगी साहेब झाली आणि हा नियम घरात आला. "बाबा, बसा ना जी," ती फोनवर म्हणते. "बसलो साहेब," हे उभ्यानंच सांगतात. पोटच्या पोरीला काय साहेब म्हणता, असं मामीजींनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरी आली का पोरगी. ड्यूटीवर हाय तवर साहेब."

डेपोनं त्यांना दुसरी एक सवय लावली. कोणत्या पेटीत काय जाणार, हे बाहेर बोलायचं नाही. कुणी विचारलं तर एकच उत्तर: माल. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मामाजींच्या जगात सगळा मालच आहे. पिशवीत काय आहे? माल. डब्यात काय आहे? माल. आमच्या लग्नातल्या आहेराच्या यादीत त्यांच्या नावापुढे "माल" एवढंच लिहिलेलं आहे. उघडला तेव्हा मिक्सर निघाला. मामीजी म्हणतात, "लग्नाच्या आधी माह्या बापानं इचारलं, पोरगा काय काम करते, तं हे म्हनाले, सांगता येत नाई. बापाले वाटलं लय मोठ्ठा मानूस हाय. अन् निंघाला सुतार." मला पसंत करायला आलेल्या मंडळींतही हे होते. सगळ्यांनी पगार विचारला, शिक्षण विचारलं; यांनी माझ्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक केलं आणि बायकोच्या वडिलांना म्हणाले, "लाकूड कच्चं हाय, पन वाळन." वर्ध्यात कापडाचं दुकान चालवून आता मी पुरता वाळलो आहे. फक्त मधोमध थोडा फुगलो आहे.

मुलगी तिकडे गेल्यापासून मामाजींनी घर युद्धपातळीवर आणलं. पहिलं म्हणजे भिंतीवरचं घड्याळ साडेतीन तास मागं केलं. तिथले फौजी जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हा हुकूम. हे मला ठाऊक नव्हतं. जेवायला या म्हणाले, म्हणून बायकोला घेऊन मी सकाळचा नाश्ता बुडवून बारा वाजता पुलगावात हजर. स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीचा वास येतोय, आणि मामाजी घड्याळाकडे बोट दाखवून म्हणतात, "साडेआठ झाले जवाईबापू. आता कुठी तिथं ड्यूटी सुरू होऊन राह्यली." जेवण साडेचारला झालं. तोवर देशासाठी काय काय सोसावं लागतं, याची मला बरीच कल्पना आली होती. दुसरा हुकूम साखरेचा. तिथं चहात साखर मिळत असेल नसेल, म्हणून इथेही बंद. बिनसाखरेचा पहिला कप मी देशभक्तीनं प्यायलो. दुसऱ्या कपाला मात्र मामीजींच्या मागं मागं स्वयंपाकघरात गेलो. तिथं पोळपाटाखाली गुळाची ढेप दडवलेली होती. शेजारी आमची बायको आधीच येऊन उभी होती.

आता पेटीची गोष्ट. मुलीच्या हाताखालची एक परिचारिका रजेवर नागपूरला आली होती आणि परत निघताना काही न्यायला तयार होती. मामाजींनी सागाच्या फळ्या काढल्या. आत मुंगवड्या, तिखट, तिळाची चटणी आणि वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं. भोवती भुसा, वर झाकण, झाकणाला बारा खिळे. पेटी हार्मोनियमएवढी, पण तोफेखाली ठेवली तरी तोफेलाच पोचा आला असता. मग मामाजी थांबले. पुलगावची लाकडी पेटी म्हटल्यावर लोकांच्या मनात भलतंच यायचं, ही शंका त्यांना आली. शंका रास्त होती. तिच्यावरचा उपाय मात्र फक्त पुलगावच्याच माणसाला सुचू शकतो. त्यांनी पत्र्याचा छाप कापला, काळा रंग घेतला आणि पेटीच्या दर्शनी फळीवर चांगल्या वीतभर अक्षरांत उठवलं: यात स्फोटक नाही.

ही पेटी पुलगावहून एसटीनं वर्ध्याला आणून दुसऱ्या दिवशी नागपूरला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. निघताना मामाजींनी बजावलं, "कोनी इचारलं तं काय सांगसान?"

"माल," मी म्हणालो. जावई तयार झाला, असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

बस गच्च भरलेली. मी पेटी मांडीवर घेऊन मधल्या रांगेत कसाबसा टेकलो. शेजारच्या बाईंनी अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. मग त्या उठून पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पुढचे दोघं उठले, मागचे तिघं उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एसटीत खिडकी मिळाली. कंडक्टर लांबूनच म्हणाला, "काय हाय जी त्याच्यात?"

"माल," मी म्हणालो.

कंडक्टरनं वाटेतूनच फोन केला असावा; वर्ध्याच्या स्टँडवर हवालदार वाट पाहत होते. त्यांनी पेटी झाडाखाली ठेवायला लावली आणि मला मामाजींना फोन लावायला सांगितला. स्पीकरवर मामाजींचा आवाज आला, "कोन हवालदार? वर्दी हाय तं वाचता येत असन. काय लिवलं हाय?"

"यात स्फोटक नाही," हवालदारांनी वाचलं.

"मंग? आता याच्याहून साफ कसं लिवू?"

हवालदारांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बारा खिळे काढायला पाऊण तास लागला. आतून मुंगवड्या निघाल्या तेव्हा ते मला एवढंच म्हणाले, "अहो, मुंगवड्या म्हनाले असते तं काय बिघडलं असतं?" मी खाली पडलेले खिळे वेचायला लागलो. पेटी पुन्हा ठोकली, नागपूरला दिली, आणि महिनाभरानं ती पोचल्याचा फोन आला. मामाजींनी तो अर्थात उभ्यानंच घेतला.

त्यानंतर तिकडे लढाई भडकली. टीव्हीवर त्या गावाचं नाव आलं, जळणारे ट्रक दिसले, आणि त्या रविवारी फोन आला नाही. मामाजींनी टीव्हीची पिनच काढून ठेवली. पुढच्या रविवारीही फोन नाही. आपल्या सैनिकांना काही झालेलं नाही, एवढंच कुठून तरी कळत होतं, पण बापाचं तेवढ्यावर भागत नाही. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं पुलगावला गेलो. मामाजी अंगणात रंधा मारत होते. टोपी डोक्यावर होती. ती आज सकाळपासूनच घालून बसलेत, असं मामीजी हळूच म्हणाल्या.

"मामा, काय करून राह्यले?" बायकोनं विचारलं.

"पेटी."

"कोनासाठी?"

"साहेबासाठी. पयली संपली असन." एवढं म्हणून पुन्हा रंधा. आम्ही घड्याळाकडे पाहत होतो. साडेतीन तास मागं असलेलं घड्याळ इतकं सावकाश चालताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी साडेचारला पानं वाढली, ती तशीच राहिली. गूळ कुणाला आठवला नाही.

फोन वाजला तेव्हा मामाजी उभेच होते. त्यांनी तो कानाला लावला, "बाबा" एवढं ऐकलं असेल नसेल, आणि भुशात मटकन खाली बसले. टोपी पडली. ती उचलायचं भान त्यांना नव्हतं. साहेब नाही, काही नाही. म्हणाले, "जेवली का व माय?"

मामीजींनी स्पीकर लावला. टॉवर पडला होता, आम्ही सारे ठीक आहोत, मुक्काम सहा महिने वाढला, दिवाळीला यायला जमणार नाही, असं ती भराभर सांगत होती. मग म्हणाली, "बाबा, तुमची पेटी तोडली आमी. रागावजा नोका. समोरची फळी वार्डाच्या दरवाजावर ठोकली. इथले लोकं इचारतात, काय लिवलं हाय म्हून. मी त्याइच्या भाषेत सांगते. मंग ते आत येतात. एक म्हातारी तं रोज त्या अक्षराले हात लावून येते."

मामाजींनी टोपी उचलून तिच्यावरचा भुसा झटकला. म्हणाले, "रंग पक्का हाय. निंघनार नाई."

पुढच्या रविवारपासून ते फोनवर पुन्हा उभे राहू लागले. त्या दिवशी पाय घसरला होता, अशी त्यांची अधिकृत माहिती आहे. मामीजींनी त्यांच्या मागं एक स्टूल आणून ठेवलं आहे. ते त्याकडे बघतही नाहीत, पण त्यांनी ते हलवलेलंही नाही.

दुसरी पेटीही मीच आणली. या वेळी मामाजींनी रंगाचे दोन हात दिले होते, आणि छाप एका फळीवर नाही, चारही फळ्यांवर होता. कारण विचारायची मला गरज वाटली नाही. कंडक्टर तोच होता. पेटी बघून म्हणाला, "माल का?" मी म्हणालो, "माल." कुणी उठलं नाही. वर्धा येईपर्यंत मी उभाच होतो, पेटी पोटाशी धरून.