लौ म्हाताऱ्याची कढई

पानआनच्या औषधी बाजारात लौ ग्वेफाला स्वतःबद्दल कधी शंका म्हणून आली नाही. यानहूचे पिवळे कंद तांदळाच्या व्हिनेगरमध्ये उकळून, वाळवून तो विकायचा. दात ठणको, पोट दुखो, उतारा एकच. "माझ्या कढईतला कंद दुखण्याला उभं राहू देत नाही," असं तो छाती काढून सांगे. छाती काढण्याचं कारण वेगळं होतं. गेल्या हिवाळ्यापासून त्याला कमरेत वाकताच येत नव्हतं.

स्वतःचे कंद त्याने पोटभर खाऊन पाहिले. काडीचा फरक पडला नाही. मग पलीकडच्या गल्लीत च्याओफेन नावाच्या विधवेचं औषधाचं दुकान होतं, तिथून तो गुपचूप पांढऱ्या गोळ्या आणू लागला. मागच्या दाराने कण्हत जायचा, ताठ होऊन यायचा. गल्लीने काढायचा तो अर्थ काढला.

एका सकाळी बायकोने, सुचिनने, भर गिऱ्हाइकांत विचारलं, "च्याओफेनकडे काय ठेवलंय तुझं?"

गोळ्या कबूल कराव्यात तर धंदा बुडणार. बाई कबूल केली तर फक्त अब्रू जाणार, आणि सत्तरीत अशी अब्रू गेली तर माणसाचा भाव उलट वधारतो. गड्याने बाई पत्करली.

"आता ह्या वयात काय लपवायचं," तो लाजत म्हणाला.

"काका, काय खाता हो तुम्ही?" तोफूवाला फांग म्हणाला.

"माझेच कंद!" ग्वेफाला चेव चढला. "आणि बघा, म्हातारीने व्हिनेगर खाल्लं." बायको जळली की आमच्याकडे असंच म्हणतात. सगळे खो खो हसले.

"मी कुठून खाणार?" सुचिन म्हणाली. "घरात थेंब असतो का? व्हिनेगर महाग झाल्यापासून कंद हा साध्या पाण्यात उकळतो आणि वासापुरता वरून शिंपडतो. व्हिनेगरशिवाय कंदातलं औषध सुटत नाही, हे लग्न झाल्यावर ह्यानेच मला शिकवलेलं."

फांगने हातातली कंदांची पुडी परत फळीवर ठेवली. ती घसरून खाली पडली. ग्वेफा सवयीने उचलायला वाकला आणि तसाच अडकला. खरं सांगायचं तर तेव्हा त्याची दया आली.

सुचिनने कनवटीची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "घे. मीही तिच्याकडूनच आणते, गुडघ्यांसाठी. तू काय नेतोस ते तिने मला केव्हाच सांगितलंय."

सगळ्यांदेखत, वाकल्या वाकल्याच, त्याने ती गिळली.