खदानीवरची डबापार्टी

धास्ती घेण्याच्या कामात माझ्या थोरल्या नणंदेचा, म्हणजे आमच्या बाईंचा, हात धरणारं सौसर तहसिलीत कोणी झालं नाही. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास एका बंद पडलेल्या मँगनीजच्या खदानीवर सगळे डबापार्टीला जायचे. खोल खड्ड्यात हिरवंगार पाणी, भोवती काळ्या मातीचे ढिगारे. लोकांना ती थंड हवेची पचमढी वाटायची, बाईंना यमाचं अंगण. तरी त्या प्रत्येक पार्टीला हजर, कारण त्यांच्याशिवाय गेलेलं माणूस परत येईल याची त्यांना खात्री नसे. पिण्याचं पाणी घरून कळशीत न्यायच्या. ढिगाऱ्यावरची धूळ पोटात जाऊ नये म्हणून ताटावर ताट पालथं घालायच्या आणि घासापुरतंच उचलू द्यायच्या. एकदा माझ्या यजमानांनी त्या हिरव्या पाण्यात काकडी धुतली, तर बाईंनी ती गाईलाही दिली नाही, तिथंच पुरली. चालताना पुढे दगड फेकून जमीन वाजवून पाहायच्या. आणि काठाकडे जायचं तर सगळ्यांच्या कमरेला विहिरीचा एकच दोर, शेवटचं टोक बाईंच्या कमरेला. आम्हाला असं ओवलेलं पाहून शेजारच्या पार्ट्या जेवायच्या थांबत.

एका वर्षी बाईंचे नवे जावई पांढुर्ण्याहून आले, पांढऱ्या सफारीत. दोर पाहून म्हणाले, "मी काय बैल आहो?"

"बैलाले इतकं सांगा लागत नाही," बाई म्हणाल्या. "जावईबापू, मान घरी करीन. हात वर करा."

जावई फोटोसाठी दोरासकट अगदी काठावर जाऊन उभे राहिले. तिथली जमीन खालून पोकळ होती. बघता बघता ते कमरेपर्यंत दिसेनासे झाले. दोर ताणला, माझे यजमान बसकण मारून पडले, त्यांच्यावर मी, माझ्यावर बाकीचे.

"कोणी उठू नका," मागून बाई म्हणाल्या. "बसल्या बसल्या मागं सरका."

आम्ही सरकत गेलो आणि जावई इंचाइंचानं वर आले. सफारी काळीठिक्कर, एक बूट गायब.

"लागलं का?"

"नाही."

"मंग जेवाले बसा. भाकरी थंड्या होऊन राहिल्या."

जेवताना सगळे पोट धरून हसले, जावई सगळ्यांत जास्त. बाई मात्र दिसेनात. मी शोधत गेले, तर ढिगाऱ्याआड एकट्या बसलेल्या.

"काय झालं, बाई?"

"मले पोहता येत नाही वं," त्या हळूच म्हणाल्या. "पोरगा खाली गेला असता, त मी नुसती पाह्यत राह्यली असती."

मी त्यांचा हात हातात घेतला. एरवी कोणाला हात धरू न देणाऱ्या बाईंनी तो बराच वेळ तसाच राहू दिला.